चित्रात नसलेलं स्टेशन

माझं लहानपण इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील, आमचे अण्णा, लोको शेडमध्ये फिटर होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूळ दिसायचे, रुळांवरच्या तारा दिसायच्या आणि तारांच्या वर, पावसाळ्यात निम्मे ढगात बुडालेले सह्याद्रीचे कडे. चौथीत बाईंनी एकदा निसर्गचित्र काढायला सांगितलं. वर्गातल्या सगळ्यांनी काढलं तेच मीही काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कोपऱ्यात उतरणारी नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळाचं झाड. खिडकीबाहेर तेव्हा शंटिंग चालू होतं. वर्गातली निम्मी मुलं रेल्वेवाल्यांची. कसाऱ्याहून घाट चढून येणाऱ्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागला की नुसत्या आवाजावरून ओळखणारी. पण एकाच्याही कागदावर रूळ उमटला नाही. ‘रूळ काढू नका’ असं बाई म्हणाल्या नव्हत्या. ते आम्हाला आधीच माहीत होतं.

तीस-बत्तीस वर्षांनी हे सगळं आठवलं ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत, एका लांबट चित्रापुढे. थॉमस मोरानचं ‘ग्रीन रिव्हर क्लिफ्स, वायोमिंग’, साल १८८१. उंचीच्या अडीचपट लांबी असलेलं हे चित्र. एका नजरेत ते मावत नाही, दोन पावलं चालावं लागतं. मधोमध कडे उभे आहेत. पायथ्याशी करडे-तपकिरी, वर चढत जावं तसे गेरूसारखे, मग शेंदरी, आणि माथ्यावर उन्हात पेटलेले. आकाश इतकं मोठं की कडेसुद्धा त्यात थोडे नमून उभे आहेत असं वाटतं. सपाटीवर घोडेस्वारांची एक रांग चालली आहे. हे इथले मूळ रहिवासी, घराकडे निघालेले. दूर, जवळजवळ धुळीच्या रंगात, त्यांच्या तंबूंची वस्ती. नदी शांत आहे. संध्याकाळ होते आहे. मी तिथल्या बाकावर किती वेळ बसले कोण जाणे. निसर्गचित्रापुढे डोळ्यांत पाणी यावं असं माझ्या बाबतीत क्वचित होतं, त्या दिवशी झालं.

मग शेजारच्या पाटीवरचा मजकूर वाचला. मोरान १८७१ साली तिथे पोहोचला तेव्हा ग्रीन रिव्हर हे गजबजलेलं रेल्वेचं गाव होतं, असं त्यात लिहिलं होतं. गावात शाळा होती, चर्च होतं, हॉटेल होतं, बिअरची भट्टी होती. मोरान तिथे उतरला तोही रेल्वेनेच.

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. आणि खरं सांगते, मला राग आला. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला येईल तसा, घरच्या माणसाला कुणी फोटोतून कापून टाकावं तसा.

त्या रागामुळेच पुढचे कित्येक महिने मी मोरानच्या मागे लागले.

अमेरिकेच्या दोन्ही टोकांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला १० मे १८६९ला. पूर्वेकडून युनियन पॅसिफिक कंपनी रूळ टाकत आली, ती ग्रीन रिव्हर ओलांडूनच. १८६८मध्ये अँड्र्यू रसेल नावाचा छायाचित्रकार कंपनीसाठी तिथे कॅमेरा लावून उभा होता. त्याच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात नदीवरचा तात्पुरता लाकडी पूल आहे, त्याला खेटून पक्क्या पुलाचं काम चाललेलं आहे आणि या साऱ्याच्या डोक्यावर तोच सुळका उभा आहे, जो मोरानने पुढे आयुष्यभर रंगवला. रसेल त्याला ‘सिटाडेल रॉक’ म्हणतो, गावातले लोक आज ‘कॅसल रॉक’ म्हणतात. रसेलच्या छायाचित्रात सुळका आणि पूल हे एकाच कुटुंबातले वाटतात. मला ते छायाचित्र फार आवडतं. आमचा कसारा-इगतपुरीचा थळ घाट त्याआधी तीन वर्षं, १८६५ साली, सुरू झाला होता. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा त्याचा चढ. अण्णा हा आकडा आम्हाला पाढ्यासारखा म्हणून दाखवायचे.

१८७१मध्ये मोरान ३४ वर्षांचा होता. जन्म इंग्लंडमधल्या बोल्टनचा, बाप हातमागावर कापड विणणारा. यंत्रमागांनी बोल्टनच्या विणकरांचं काम हिरावून घेतलं, तेव्हा हे कुटुंब १८४४ साली अमेरिकेला निघून आलं आणि फिलाडेल्फियात राहिलं. पोरगा लाकडावर ठसे कोरणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारीला लागला. चित्रकला शिकवणारी खरी शाळा त्याने पाहिलीच नाही. त्याचा गुरू होता इंग्रज चित्रकार टर्नर, आणि तोही चित्रांतून भेटलेला. १८६२ साली मोरान मुद्दाम इंग्लंडला गेला तो लंडनच्या नॅशनल गॅलरीत टर्नरच्या चित्रांपुढे बसून नकला करायला. टर्नरच्या युलिसिसच्या चित्राची, ज्यात समुद्रावर उगवतीचं ऊन सांडलेलं आहे आणि कडे धुक्यात विरघळताहेत, त्याने केलेली नक्कल प्रसिद्ध आहे. वायोमिंगच्या कड्यांवरचं ते सोनं कुठून आलं हे त्यातून कळतं. ते नऊ वर्षं आधीच त्याच्या हातात मुरलेलं होतं.

पश्चिमेला तो गेला तोही जरा आडवाटेने. ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांवर लेख येणार होता. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या कुणीतरी काढलेली ओबडधोबड रेखाटनं मोरानकडे नीट करायला आली. न पाहिलेल्या जागेची चित्रं सुधारता सुधारता त्याला ती जागा बघायची ओढ लागली. सरकारी सर्वेक्षणाची एक तुकडी हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या हाताखाली तिकडे निघाली होती. मोरानने खर्चासाठी ५०० डॉलर मासिकाकडून उसने घेतले आणि ५०० जे कुक यांच्याकडून. कुक म्हणजे नॉर्दर्न पॅसिफिक या दुसऱ्या एका रेल्वे कंपनीचे सावकार. त्यांना त्या मुलुखाची चित्रं हवी होती, कारण त्यांचे रूळ त्या बाजूला जायचे होते. म्हणजे तिकिटापासून कर्जापर्यंत या प्रवासाच्या मुळाशी रेल्वे होती. घोड्यावर तो आयुष्यात कधी बसला नव्हता. अंगाने काटकुळा. खोगिरावर उशी बांधून त्याने शेकडो मैल काढले.

यलोस्टोनला पोहोचण्याआधी, गाडीतून उतरल्या उतरल्या, ग्रीन रिव्हरला त्याने एक छोटं जलरंग चित्र केलं. कागदाचा लहानसा तुकडा. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं की हे पश्चिमेत केलेलं पहिलं रेखाटन. आज ते ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात, गिलक्रीज संग्रहालयात आहे. त्या तुकड्याची छापील प्रत मी माझ्या टेबलावर लावली आहे. मोठ्या चित्रांत नंतर जे नाट्य आलं ते त्यात नाही. एका बैठकीत, हात थरथरत असताना काढल्यासारखं आहे ते. गाडीतून सपाट माळरान पाहत आलेला माणूस, दार उघडून खाली उतरतो आणि समोर हे कडे. त्या क्षणी त्याच्या पाठीमागे इंजिन उभं असणार, वाफ सोडत. ते त्या कागदावर नाही. पण कागद तिथे उमटला तो त्या इंजिनामुळेच, असं मला ते चित्र बघताना प्रत्येक वेळी वाटतं.

पुढचं यश सर्वांना ठाऊक आहे, म्हणून झरझर सांगते. मोरानची रेखाटनं आणि त्याच तुकडीतल्या जॅक्सन या छायाचित्रकाराची छायाचित्रं खासदारांना दाखवली गेली. १ मार्च १८७२ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. मोरानचं यलोस्टोनच्या दरीचं भलंमोठं चित्र अमेरिकी काँग्रेसने १०,००० डॉलरला विकत घेतलं. त्याच्या सहीत मधे ‘वाय’ आलं. थॉमस यलोस्टोन मोरान.

पण यलोस्टोनइतकाच, कदाचित अधिकच, तो ग्रीन रिव्हरकडे परत परत आला. पुढची चाळीस वर्षं. कधी प्रत्यक्ष, बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या आपल्या खोलीत बसून. कडे तेच, नदी तीच, फक्त ढग, तास आणि घोडेस्वारांची जागा बदललेली. १८७८ सालचं असंच एक चित्र २००८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. आणि यांतल्या एकाही चित्रात स्टेशन मी अजून पाहिलेलं नाही.

सुरुवातीला मला वाटलं, यंत्रांनी बापाचं काम घेतलं, त्याचा सल असेल. ही समजूत मला फार दिवस पटली होती, सोयीचीही होती. मग १८८० सालचं त्याचं एक चित्र पाहिलं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून दिसणारं मॅनहॅटन. समोर साखरेचे कारखाने, धुराड्यांतून निघालेला धूर आकाशभर पसरलेला, आणि तो धूर मोरानने किती मायेने रंगवला आहे! म्हणजे ग्रीन रिव्हरच्या कड्यांच्या अगदी एक वर्ष आधी. धूर काढायचा तर या माणसाला उत्तम येत होता. त्याचा गुरू टर्नर, त्याने तर १८४४मध्ये पावसात पुलावरून धावत येणारी आगगाडी रंगवून ठेवली होती, तीही वाफेत आणि प्रकाशात अशी मिसळलेली की गाडी हीच हवामानाचा एक भाग होऊन जाते. १८४४, म्हणजे मोरानच्या घरच्यांनी बोल्टन सोडलं तेच वर्ष. तेव्हा ‘आगगाडी सुंदर कशी काढणार’ हा प्रश्नच नव्हता. ग्रीन रिव्हरची गाडी मोरानने जाणूनबुजून गाळली.

त्याने हे लपवलंही नाही. निसर्गाची हुबेहूब नोंद करण्याला मी किंमत देत नाही, माझा ओढा आदर्शाकडे आहे, असं त्याने स्वच्छ सांगितलं आहे. खडकांचा नेमका पोत, थर, झाडाची जात यात तो चोख होता. भूगर्भशास्त्रज्ञांबरोबर फिरलेला माणूस तो. पण खडक कुठे ठेवायचा आणि त्याच्या शेजारी काय असू द्यायचं, हे तो ठरवायचा.

गाळण्याला गिऱ्हाईकही होतं, हे विसरून चालणार नाही. चित्रं घेणारी माणसं पूर्वेकडच्या शहरांतली. खिडकीबाहेर त्यांना दिवसभर धुराडीच दिसत. रेल्वे कंपन्यांना प्रवासी हवे होते, आणि प्रवासी तिकीट काढतो ते अजून कुणी न पोहोचलेल्या जागेचं. १८९२पासून सँटा फे रेल्वे मोरानला फुकट प्रवास देऊन ग्रँड कॅनियनला नेऊ लागली आणि बदल्यात मिळालेली चित्रं छापून प्रवाशांपुढे ठेवू लागली. लुई प्रँग या प्रकाशकाने तर १८७६मध्येच मोरानच्या पश्चिमेकडच्या जलरंगांचे १५ रंगीत शिळाछाप काढले होते. एकेका रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक ठसे. रविवर्मांचा छापखाना मुंबईत १८९४ला सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला, त्याची विद्या हीच. आमच्या आजोळच्या देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीच्या मागेही नदी आणि डोंगर होते. त्या डोंगरातही कुणी राहत नव्हतं.

गाडी गाळली, हे मी समजून घेऊ शकते. पण घोडेस्वारांपाशी माझं मन आजही अडतं.

ते स्वार मोरानने त्या जागी पाहिले नव्हते. ३ जुलै १८६८ला फोर्ट ब्रिजरला करार झाला आणि पूर्वेकडच्या शोशोनी या मूळ रहिवाशांसाठी विंड रिव्हरचा राखीव टापू आखला गेला. हा टापू तिथून दूर, उत्तरेला. रूळ आले, करार झाला, माणसं हलली. तेरा वर्षांनी मोरान त्याच माणसांना रांगेने त्या कड्यांखालून चालवतो, संध्याकाळच्या उन्हात, जणू काहीच घडलेलं नाही. जे तिथे होते त्यांना गाळलं आणि ज्यांना तिथून काढलं होतं त्यांना आणून बसवलं. चित्रात त्यांच्या पाठी आपल्याकडे आहेत. ते दूर जाताहेत. मोरानला यात काय म्हणायचं होतं हे मी ओढूनताणून सांगणार नाही. पण माझ्या डोळ्यांत पहिल्या दिवशी पाणी आलं होतं ते याच रांगेमुळे, आणि आता त्या रांगेकडे मला तशा नजरेने बघता येत नाही. चित्र अजून तितकंच सुंदर आहे. दोन्ही गोष्टी मी जवळ ठेवल्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही डेन्व्हरहून सॉल्ट लेक सिटीला गाडीने निघालो आणि मी हट्टाने ग्रीन रिव्हरला मुक्काम करायला लावला. महामार्ग तिथे कड्यांच्या पोटातल्या बोगद्यांतून आरपार जातो. बोगद्यातून बाहेर पडलं की खाली गाव, गावातून रुळांचा जाडजूड जुडगा आणि पलीकडे नदी. इगतपुरीचं यार्ड आठवून माझा घसा दाटला. नवऱ्याने न बोलता गाडी हळू केली.

कडे मोरानच्या कड्यांइतके लाल नाहीत. मातकट, करडे, गव्हाळ पट्ट्यांचे आहेत. हा सगळा ५ कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड तळ्याचा तळ. चिखलाचा थरावर थर, त्यात माशांचे ठसे, आणि वर कठीण वालुकाश्माची टोपी. टोपी टिकली तिथे सुळका राहिला, बाकीचं नदीने नेलं. आमचा सह्याद्री लाव्ह्याचा, त्याहून वयाने थोडा मोठा, पण थर त्याचेही असेच आडवे. म्हणूनच त्या परक्या गावात मान वर करून बघताना मला ओळखीचं काहीतरी दिसत होतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य कलला आणि वरचे दहा-पंधरा मीटर खरोखर शेंदरी झाले. चार-पाच मिनिटं. मोरानने ती चार-पाच मिनिटं पूर्ण कड्यावर पसरली आहेत, एवढंच.

नदीत एक लहान बेट आहे. १८६९च्या मे महिन्यात जॉन वेस्ली पॉवेल हा संशोधक याच गावातून चार नावा आणि नऊ सोबती घेऊन, ग्रीन पुढे जिला मिळते त्या कोलोरॅडो नदीच्या अज्ञात दऱ्यांत उतरला. नावा शिकागोहून रेल्वेने आल्या होत्या. १९२१पर्यंत ‘कोलोरॅडो’ हे नाव वरच्या अंगाला, आजच्या कोलोरॅडो राज्यात, वापरात नव्हतं. त्या प्रवाहाला ‘ग्रँड’ म्हणत. त्यामुळे मोरानच्या काळात ग्रीन हीच वरची कोलोरॅडो समजली जाई, आणि म्हणूनच त्याच्या १८८२च्या एका चित्राच्या नावात ग्रीन रिव्हर नाही, ‘अपर कोलोरॅडो’ आहे. स्मिथसोनियन संग्रहालयात ते चित्र पहिल्यांदा बघताना मी चक्रावले होते. कडे तर ओळखीचे, नाव भलतंच.

आम्ही रुळांवरच्या पादचारी पुलावर जाऊन उभे राहिलो. जुनं स्टेशन खाली दिसत होतं. प्रवासी गाडी आता इथे थांबत नाही. मालगाड्या मात्र थांबतात, जातात, येतात. आसपास जमिनीखाली ट्रोना नावाचं खनिज आहे, जगातला सर्वांत मोठा साठा. त्यापासून सोडा अॅश होतो, सोडा अॅशपासून काच. तो वाहून नेणारे हॉपर डबे यार्डात उभे होते.

नाशिकला तेव्हा पहाटेचे सव्वापाच वाजले असतील. अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिफ्टची झोप मोडायची ती मोडतेच. मी व्हिडिओ कॉल लावला. तेवढ्यात पश्चिमेकडून एक मालगाडी येऊ लागली, मी फोन कठड्याबाहेर धरला.

“कुठला सेक्शन आहे हा?” अण्णांनी विचारलं.

“वायोमिंग, अण्णा. ग्रीन रिव्हर.”

“पुढं तीन इंजिनं दिसतात. डबे मोज.”

मी मोजू लागले. साठाच्या पुढे चुकले. ते तिकडे ओठ हलवत मोजत होते, चुकले नव्हते. मधेच एक इंजिन गेलं तसे ते पुढे झुकले.

“मधेपण लावतात होय! आणि मागं? मागं बघ, बँकर आहे का?”

शेवटी एक होतं. कुणी नसलेलं, रेडिओवर चालणारं. ते समोरून गेलं आणि अण्णांनी समाधानाने मान हलवली. पूल हादरायचा थांबला. गाडीचा आवाज बोगद्यांच्या बाजूला विरत गेला. फोन अजून मी तसाच बाहेर धरला होता.

“अगं, हा वरचा दगड कुठला?” अण्णा म्हणाले. “केवढा आहे! आधी का नाही दाखवलास?”

“आधी गाडी होती ना समोर.”